आपल्या पायांनी

गिअरबॉक्स छातीवर पेलत अल्लाल गाडीखाली उताणा पडला होता. दुसऱ्या बाजूने बूशाइब आडवा झाला होता आणि गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाची चकती बोटांनी फिरवत होता. पुढचा दांडा क्लचप्लेटच्या खाचांत बसायला तयार नव्हता.

"फिरव."

बूशाइबने फिरवली.

"थोडी. थोडी म्हटलं. मुलीच्या लग्नात नाचायला नाही सांगितलं."

"तूच म्हणालास फिरव."

"दातांचा डॉक्टर आ कर म्हणतो, तेव्हा काय गाणं म्हणतोस?"

बूशाइबने नखाएवढी फिरवली. आत कुठेतरी लोखंड लोखंडाला भेटल्याचा बारीक आवाज झाला, गिअरबॉक्स बोटभर पुढे सरकला आणि तिथेच अडला. अल्लालने डोळे मिटले. हे काम जॅकवर करायचं असतं हे दोघांनाही माहीत होतं. गॅरेजात जॅक होताही. पण गेल्या रमजानपासून तो शेजारच्या सुताराच्या दुकानाचं छत पेलत होता आणि छताला आता त्याची सवय झाली होती. त्यामुळे गाडी लाकडी ओंडक्यांवर होती आणि गिअरबॉक्स अल्लाल उस्तादाच्या बरगड्यांवर.

"दम घे जरा," बूशाइब म्हणाला.

"दम घ्यायला छाती मोकळी लागते."

गाडी जुनी डिझेल मर्सिडीज होती. तिचं वय कागदपत्रांत एक होतं, सांगाड्यावरच्या आकड्यांनुसार दुसरं आणि बूशाइबच्या बायकोच्या मते तिसरं. सत्तात ते कासाब्लांका या रस्त्यावर तिने बूशाइबचं सगळं कर्तं आयुष्य काढलं होतं: पुढे दोन प्रवासी, मागे चार, आणि सहावा आल्याशिवाय निघायचं नाही. ही सहाची व्यवस्था सरकारला मान्य होती. मणक्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता सरकारला जुन्या टॅक्स्या नको झाल्या होत्या. जुनी गाडी मोडीच्या आवारात नेऊन द्यायची, तिथून शिक्क्याचा कागद घ्यायचा आणि त्या कागदावर सात जागांची नवी गाडी उचलायची. अट एकच होती. मोडीत जाणारी गाडी आपल्या पायांनी चालत आली पाहिजे. दोरीने ओढून आणलेली चालणार नाही. फाटकावर ती पुढे जाऊन दाखवेल, मागे येऊन दाखवेल, मगच चेपायला घेतील.

हे ऐकून सगळे हसले होते. बूशाइब हसला नव्हता. त्याला त्यात चुकीचं काही दिसलं नाही. मोठ्या ईदला लंगडा मेंढा चालतो का? शिंग मोडलेला, डोळ्यानं अधू, पायानं अधू, कुठलाच चालत नाही. कापायचा तो धडधाकटच हवा. सरकारने निदान या बाबतीत तरी घरच्या रीतीने विचार केला होता.

अडचण अशी की त्याची मेंढी सोमवारी लंगडी झाली. दोन महिने खालून थरथर येत होती आणि दोन महिने तो प्रवाशांना रस्ता खराब आहे म्हणून सांगत होता. आता कशाला खर्चात पडायचं, जायचीच तर आहे. सोमवारी गावाबाहेरच्या चौकात मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकाची रबरी चकती फाटली. लांबलचक शाफ्ट सुटला, खाली आपटत राहिला, तळ ठेचला आणि जाता जाता गिअरबॉक्सचं शेपूटही तोडून गेला. गाडी चौकाच्या मधोमध थांबली. पुढच्या जागेवरच्या बाईंनी पर्स उचलली आणि विचारलं, "इथेच उतरायचं का?"

त्याची तारीख शुक्रवारची होती, दुपारच्या नमाजाच्या आत. आज गुरुवार. टॅक्सीचा परवाना त्याच्या नावावर नव्हता, हाज्जा ताम्मूच्या नावावर होता. नवरा वारला तेव्हा परवाना तिच्याकडे आला होता आणि तेव्हापासून बूशाइब तो भाड्याने चालवत होता. हाज्जा दर दोन तासांनी फोन करायची. आताही बोनेटवरचा फोन घरंगळत वाजू लागला.

बूशाइब गाडीखालून सरपटत बाहेर आला. गुडघे सरळ व्हायला जो वेळ लागला त्यात फोन दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा वाजला.

"सलाम, हाज्जा."

"चालते का?"

"बसवतोय, हाज्जा."

"कालही बसवत होतास. हे बघ बूशाइब, तू माझ्या भावासारखा. पण उद्या शिक्का नाही मिळाला तर तारीख गेली. मग माझ्या बहिणीचा मुलगा आहेच. त्याने नव्या गाडीची सोय पण करून ठेवलीये."

"तो तर केस कापायचं दुकान चालवतो ना?"

"कंटाळला केसांना. आणि त्याचे गुडघे अजून तरुण आहेत. अल्ला तुला बरकत देवो."

फोन बंद झाला. गाडीखालून आवाज आला, "काय म्हणते?"

"मी भावासारखा आहे म्हणते."

"मग परिस्थिती वाईट आहे," अल्लाल म्हणाला. "ये, फिरव."

या वेळी चकती वळली, दांडा खाचांत शिरला आणि गिअरबॉक्स पुढे सरकून इंजिनाला असा चिकटला की जणू तिथेच जन्मला होता. अल्लालने दोन बोल्ट हातानेच लावले आणि छातीवरचे हात बाजूला टाकून तसाच पडून राहिला.

गिअरबॉक्स त्याने सकाळीच आणला होता, मोडीवाल्यांच्या गल्लीतून, हातगाडीवर घालून. सोबत दोन तुकड्यांचा शाफ्टही होता. कुणाच्या गाडीचा, असं बूशाइबने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अनाथ आहेत दोघं. विचारू नये." मग त्याने डिझेलने घासून घासून गिअरबॉक्स धुतला. खालच्या कडेला, तेल सोडायच्या बुचाजवळ, त्याचा अंगठा मध्येच थांबला. त्याने तेवढाच भाग पुन्हा पुसला, पाहिला, आणि त्यावर फडकं टाकून उन्हात उभा राहून सिगारेट ओढली. बूशाइबला वाटलं, दमला असेल.

दमण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं, ही खरी गोष्ट. पूर्वी या गल्लीत दुपारपर्यंत पाच-पाच टॅक्स्या ओळीने उभ्या असत आणि ड्रायव्हर सावलीत पत्ते कुटत बसत. आता ओळीच्या जागी मांजरं बसत. नव्या गाड्या काचेच्या शोरूममध्ये दुरुस्तीला जात. तिथे मालकाला आत सोडत नसत, कॉफी पाजत. आपल्या गाडीला नक्की काय झालं होतं, हे कळायच्या आतच ती बरी होऊन बाहेर यायची. अल्लालच्या मते ही वैद्यकी नव्हती, जादूटोणा होता.

हॉर्न वाजला. हम्मादी आला होता, नवी सात जागांची गाडी घेऊन. वर्षापूर्वीपर्यंत तो बूशाइबच्या मागेपुढे रांगेत असायचा. हिवाळ्यात त्याची जुनी मर्सिडीज मोडीत गेली. नव्या गाडीच्या सीटांवरचं प्लास्टिक त्याने अजून काढलं नव्हतं. उन्हाळ्यात प्रवासी त्याला चिकटत आणि उतरताना सोलून निघत.

"काय उस्ताद, मयताला अंघोळ घालताय का?"

"ये," खालून अल्लाल म्हणाला. "पाय धर."

हम्मादीने पाय धरले नाहीत. त्याने पुदिन्याचा चहा आणला होता, तो ओतला आणि टायरवर बसला.

"कशाला एवढा जीव काढता? उद्या दुपारी तर पापड होणार."

"तुझी झाली तेव्हा तू बघितलंस?" बूशाइबने विचारलं.

"बघितलं म्हणजे? शेवटपर्यंत उभा होतो. वरून लोखंडाचा हात आला, एकदा दाबलं, दोनदा दाबलं. तव्यावरच्या मसेमेनच्या पोळीसारखी सपाट."

"सगळी?" खालून आवाज.

"सगळी."

"गिअरबॉक्ससकट?"

"सगळं. एकत्र. काय राहणार आहे?"

खाली पाना क्षणभर थांबला. "मग ठीक," अल्लाल म्हणाला आणि पाना परत चालू झाला.

बूशाइबने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. "दुखलं का रे?"

"गाडीला काय दुखणार?"

"गाडीचं नाही विचारलं."

हम्मादीने ग्लासाच्या तळाचा पुदिना बोटाने उचलला, चघळला आणि थुंकला. "नव्या गाडीत एसी आहे," असं म्हणून तो निघून गेला.

शाफ्टची पाळी आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. अल्लालने दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन जुन्या खुणा शोधल्या आणि एकासमोर एक आणल्या. मधल्या सांध्यात ग्रीस भरलं. मग खण उघडून कागदात गुंडाळलेलं नवं ऑइल सील काढलं. ते पाहून बूशाइबला राहवलं नाही.

"सत्तर किलोमीटर जायचंय रे. सत्तर. तेही एकदाच. अर्ध्या बोल्टांवर गेली तरी पुरे."

"अर्ध्या बोल्टांवर तू जा."

"नवं सील कशाला? कोण बघणारे?"

"जुनं गळतं."

"गळू दे ना. उद्या दुपारनंतर काय, तिला वाळीत टाकणारेत?"

 करंगळीवर ग्रीस घेऊन अल्लाल सीलच्या ओठाला हळूच लावत होता, तान्ह्या पोराच्या तोंडाला मध लावावा तसा. बूशाइब पाहत राहिला. त्याची पाठ दुखत होती, डोळ्यांत डिझेल गेलं होतं आणि मरायला निघालेल्या गाडीसाठी चाललेला हा नखरा पाहून राग यायला हवा होता. पण रागाला ताकद लागते.

"रबरी चकत्या पण नव्या?" शेवटी त्याने विचारलं.

"नव्या."

"पुढची पण?"

"बूशाइब. केटली भर जा."

तो केटली भरायला मागच्या नळावर गेला. पाणी धारेने येत नव्हतं, थेंबाने येत होतं. त्या थेंबांच्या मधोमध गॅरेजातून एक टोला ऐकू आला. लोखंडावर लोखंडाचा, नेमका, एकच.

"काय ठोकलंस?"

"माशी होती."

मग ओंडके काढून गाडी चाकांवर उतरवली. वजन टायरवर आलं, सांगाडा कण्हला. अल्लाल पुन्हा खाली गेला आणि मधल्या बेअरिंगचे बोल्ट शेवटचे आवळले. ते आधी आवळायचे नसतात; गाडी आपल्या वजनाने बसल्यावरच आवळायचे. बाहेर येऊन त्याने हात वाळूने चोळले.

"पुढे घे. आता मागे."

ती पुढे गेली. मागे आली. मांजरं उठून गेली.

शुक्रवारी सकाळी बूशाइबने सवयीने गाडी अड्ड्यावर घातली. प्रवासी गोळा करणारा कब्बूर काठी आपटत ओरडला, "कासा, कासा, एक जागा!" एक जागा हे तो गाडी पूर्ण रिकामी असतानाही ओरडायचा. बूशाइब काच खाली करून सांगणार होता की आपण आज गिऱ्हाईक घेत नाही, मोडीत चाललोय. पण तोवर मागे चार जण बसले होते आणि पुढे एक लठ्ठ गृहस्थ कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन दार ओढत होते. रिकामी गाडी सत्तर किलोमीटर न्यायची, हे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. सहावा येईपर्यंत तो थांबलाही.

गाडी मात्र सुरेख चालली. तिसरा गिअर आवाज न करता पडला. गेली कित्येक वर्षं तो पडताना प्रवाशांची झोपमोड व्हायची. खालून थरथर नाही, गुरगुर नाही. एवढं नीट चालायचं होतं तर आजच का, असं बूशाइबला वाटलं. त्याला तो जरा अपमानच वाटला. कोंबडीवाले गृहस्थ म्हणाले, "जुनं ते सोनं बघा. ही विकू नका."

"नाही विकत," बूशाइब म्हणाला.

सगळ्यांना कासाच्या अड्ड्यावर उतरवून तो आवारात पोचला तेव्हा नमाजाला वेळ होता. फाटकावर लोकरी टोपी घातलेला एक माणूस खुर्चीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. त्याने कागद पाहिले, आकडे पाहिले.

"पुढे."

बूशाइबने पुढे घेतली.

"मागे."

मागे घेतली. टोपीवाल्याने मान तिरकी करून ऐकलं. मग खुर्चीखालचा पुठ्ठा काढला, जमिनीवर अंथरला आणि बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला.  चालणारी गाडी पाहिजे एवढीच अट होती. खालून बघण्याचं कुणी बोललं नव्हतं.

"अल्लाल बरा आहे का?" खालून आवाज आला.

"कोण अल्लाल?"

"सत्तातचा."

"बरा आहे."

"त्याला माझा सलाम सांग. आणि सांग, सील बदललंस ते बरं केलंस. मागच्या वेळी गळत होता. फरशीवर डाग पडला, साहेबांनी मला विचारलं."

बूशाइब वाकला. बॅटरीचा उजेड गिअरबॉक्सच्या खालच्या कडेवर, बुचाजवळ थांबला होता. तिथे पंचने मारलेले ठिपके होते, एका रेषेत. तीन काळे पडलेले. चौथा चकचकीत.

"मागच्या वेळी म्हणजे?" त्याने विचारलं.

टोपीवाला बाहेर आला, पुठ्ठा झटकला आणि घडी घालून खुर्चीखाली ठेवला. "शाफ्ट लांब असतो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "गाडीबरोबर नीट चेपत नाही. यंत्राला त्रास होतो. गिअरबॉक्स पण टणक. ते आम्ही बाजूला काढतो."

"आणि मग?"

"मग यंत्राला त्रास होत नाही."

त्याने शिक्का उमटवला, कागदावर फुंकर मारली. "नमाजानंतर चेपायला घेतील. थांबणार का?"

"लोक थांबतात?"

"थांबलो होतो म्हणून सांगतात सगळे."

बूशाइबने आरशाला लटकवलेली तसबीहची जपमाळ काढली, पाठीमागची चपटी झालेली उशी काढली. किल्ली तशीच ठेवली. दार लावताना ते नेहमीप्रमाणे उचलून लावावं लागलं. ते कुणी दुरुस्त केलं नव्हतं. फाटकाबाहेर जाऊन त्याने हाज्जा ताम्मूला फोन केला आणि शिक्का मिळाला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीतच होतं, तू माझ्या मुलासारखा." कालपासून त्याला एका पिढीची बढती मिळाली होती. बोलता बोलता आत अजान सुरू झाली आणि तो बसथांब्याच्या दिशेने भराभर चालू लागला. यंत्र सुरू व्हायच्या आत कोपरा गाठायला हवा होता.

अड्ड्यावरून परतीला जागा मिळाली ती सात जागांच्या गाडीत, सगळ्यात मागच्या ओळीत, गुडघे हनुवटीशी. एसी बंद होता. ड्रायव्हर म्हणाला, डिझेल खातो.

अल्लालच्या बायकोने गॅरेजात वाफवलेल्या रव्याचं कुसकुस पाठवलं होतं. शुक्रवार होता. उलट्या पिंपावर मोठी परात, वर सात भाज्या, मधोमध मांस. अल्लाल अजून सुरू झाला नव्हता. बूशाइबने उशी कोपऱ्यात ठेवली, हात धुतले आणि समोर बसला.

"शिक्का?"

"मिळाला."

"चेपली?"

बूशाइबने आपल्या बाजूच्या रव्यात चमचा खुपसला. "चेपली. तव्यावरच्या मसेमेनसारखी. शेवटपर्यंत उभा होतो."

"गिअरबॉक्ससकट?"

"सगळं. एकत्र."

"अल्ला रहमत करो," अल्लाल म्हणाला आणि भोपळ्याची चांगली फोड त्याच्या बाजूला सरकवली.

दोघं जेवले. मांजरं परत आली होती. बूशाइबची नजर भिंतीवरच्या फळीकडे गेली. तिच्यावरचे डबे एका कडेला सरकवलेले होते, मधली जागा पुसलेली होती आणि तिथे घडी घातलेलं स्वच्छ पोतं अंथरलं होतं.

"बेन्नासर येऊन गेला," अल्लाल म्हणाला. "त्याची तारीख पंधरवड्यात आहे. रिव्हर्स पडत नाही म्हणतो."

"हं."

बूशाइबने मटणाचा तुकडा दोन भागांत तोडला. मोठा अल्लालकडे ढकलला. बराच वेळ तो गाजर चावत राहिला.

"सील चांगलं बसलंय," तो म्हणाला. "थेंब नाही."

अल्लालने मान वर केली नाही. रव्याचा गोळा तळहातावर फिरवून गोल केला.

"मग तेच राहू दे," तो म्हणाला.